एकाच डाळिंबीच्या चार बाटल्या: नेलपॉलिशचा साठा कसा पाहावा, कसा आवरावा

वहिनीच्या कपाटातल्या बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून ६३ बाटल्या निघाल्या. दिवाळी उलटून गेल्यावरचा रविवार होता. कांजूरमार्गच्या तिच्या घरात गॅलरीतून छान उजेड येत होता आणि आम्ही दोघी जमिनीवर जुनी चादर अंथरून बाटल्या रंगवार मांडत होतो. लाल-मरूनची रांग अठरा बाटल्यांची झाली. "अगं, हे सगळे वेगवेगळे लाल आहेत," वहिनी म्हणाली, आणि तिला ते मनापासून तसंच वाटत होतं. दुपारपर्यंत त्या अठरांचे पट्टे पारदर्शक कागदावर शेजारी शेजारी वाळले, तेव्हा त्यातले चार एकाच डाळिंबी रंगाचे निघाले. चार कंपन्या, चार नावं, चार वेगवेगळ्या वर्षांतली खरेदी, रंग मात्र एक.

यात वहिनीची काही चूक नाही. रंग डोळ्यांना दिसतो, पण लक्षात राहत नाही. दोन छटा शेजारी असतील तर त्यांच्यातला केसाएवढा फरकही कळतो. एक दुकानातल्या काउंटरवर आणि दुसरी घरी डब्यात असेल तर ढोबळ फरकही कळत नाही. त्यात आपली आवड पक्की असते. डाळिंबी आवडणारीला दर वेळी डाळिंबीच खुणावतो आणि दर वेळी तो नवाच वाटतो.

म्हणून साठा आवरायला बसताना "हे मला आवडतं का?" या प्रश्नाने सुरुवात करू नका. सगळंच आवडतं, आवडलं म्हणूनच घेतलं. आधी सगळे रंग एकाच कागदावर, एकाच उजेडात शेजारी आणा. कोणती बाटली जास्तीची आहे ते त्यानंतर डोळ्यांनाच दिसतं, मनाशी भांडावं लागत नाही. पहिल्यांदाच हे काम काढणाऱ्यांसाठी मी ते ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने सांगते.

दिवस, जागा आणि सामान

पावसाळ्यात हे काम काढू नका. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा इतकी दमट असते की ओल्या नेलपॉलिशवर पांढुरकी साय धरू शकते. त्यातलं द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतला ओलावा तिथे येऊन बसतो. लाकडावर लॅकर मारणारे मिस्त्री भर पावसात ते काम टाळतात, त्याचं कारणही हेच. रंग ताडून पाहायचे आणि रंगावरच साय, असं होऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान खिडकीजवळ बसा, पण थेट उन्हात नको. घराला उत्तरेची खिडकी असेल तर तीच निवडा, तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही.

आता सुरक्षिततेबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगते. नेलपॉलिश, थिनर आणि रिमूव्हर हे तिन्ही पेट घेणारे पदार्थ आहेत. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि डोळ्यांना दिसत नाही. आपल्या वन रूम किचनमध्ये शेगडी आणि बसायची जागा यांत चार पावलांचं अंतर असतं. तेव्हा शेगडी बंद असताना, देवापुढचा दिवा शांत झाल्यावर, उदबत्ती नसतानाच बसा. दार-खिडक्या उघड्या ठेवा, पंखा एकवर. साठ बाटल्या एका दमात उघडल्या तर डोकं धरणारच. पंधरा-वीस झाल्या की झाकणं लावा, उठा, चहा घ्या.

सामान फार लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानातून पारदर्शक ओएचपी शीट आणा, दोन-तीन पुरतात. साधा कागद चालत नाही. तो द्रव शोषून घेतो, रंग गडद आणि निर्जीव दिसतो. शर्टाच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लास्टिकही चालेल, पण आधी कोपऱ्यात एक ठिपका लावून वाळू द्या. प्लास्टिक सुरकुतलं किंवा धुरकट झालं तर ते घेऊ नका. दादरला किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला पार्लरचं सामान विकणाऱ्या दुकानांत पारदर्शक प्लास्टिकची खोटी नखं पाकिटाने मिळतात, तीही उत्तम. पण सुरुवातीला शीटच बरी, सगळे रंग एका नजरेत येतात. याशिवाय गोल स्टिकर, पर्मनंट मार्कर, कापूस, रिमूव्हर, कात्री आणि जुनं वर्तमानपत्र. वर्तमानपत्र फक्त खाली अंथरायला नाही, त्याचं खरं काम पुढे आहे.

सगळं बाहेर काढा, मोजा

डब्यातल्या बाटल्यांवर थांबू नका. ऑफिसच्या पर्समधली, न्हाणीघराच्या फळीवरची, फ्रिजच्या दारातली, लेकीच्या कंपासमधली, सगळ्या आणा. जेल पॉलिश असेल तर ते बाजूला ठेवा. ते दिव्याखाली पक्कं होतं, त्याचा धर्म वेगळा आणि नेहमीचं थिनर त्यात चालत नाही. जुन्या जेलच्या बाटल्यांवर घटकांच्या यादीत टीपीओ, म्हणजे दिव्याखाली जेल पक्कं करणारं 'ट्रायमिथाइलबेंझॉइल डायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइड' हे रसायन, लिहिलंय का तेही पाहून ठेवा. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून नखांच्या उत्पादनांत त्यावर बंदी घातली आहे. मी माझ्याकडे तशी बाटली ठेवणार नाही.

मोजून झालं की एक साधा हिशेब करा. दर आठवड्याला रंग बदलला तर वर्षात ५२ वेळा. वहिनीच्या ६३ बाटल्यांत प्रत्येकीची पाळी साधारण चौदा महिन्यांनी एकदा येते, आणि तेही आवडता रंग एकदाही पुन्हा लावला नाही तर. हा आकडा तिने डब्याच्या झाकणावर लिहून ठेवला.

आधी आजारी बाटल्या ओळखा

रंग ताडायच्या आधी बाटली जिवंत आहे का ते बघायला हवं, आणि त्यासाठी आत काय असतं ते थोडं माहीत असलेलं बरं. नेलपॉलिशचा पापुद्रा नायट्रोसेल्युलोजचा असतो. तो इथाइल अ‍ॅसिटेट, ब्यूटाइल अ‍ॅसिटेट अशा चटकन उडणाऱ्या द्रावकांत विरघळवलेला असतो. पापुद्रा तडकू नये म्हणून मऊपणा आणणारे पदार्थ, चकाकीसाठी राळ, रंगद्रव्य, आणि रंगद्रव्य तळाशी बसू नये म्हणून एक खास प्रक्रिया केलेली माती. बाटली हलवल्यावर जो टकटक आवाज येतो तो ढवळायला टाकलेल्या लहान गोळ्यांचा. झाकण सैल राहिलं की द्रावक उडतं, बाकीचं मागे राहतं. जुनी बाटली घट्ट होते ती अशी.

बाटली जोरात हलवू नका, बुडबुडे धरतात आणि ते नखावर उमटतात. दोन्ही तळव्यांत धरून रवी फिरवतात तशी अर्धा-एक मिनिट फिरवा. मग झाकण उघडून ब्रश वर उचला आणि थेंब कसा पडतो ते पाहा.

थेंब सुटून पडला तर बाटली ठीक आहे. ब्रशमागे एकतारी पाकासारखी तार येत असेल तर द्रावक कमी झालंय, पण बाटली वाचते. नेलपॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब टाका, तळव्यांत फिरवा, पाच मिनिटं ठेवा, पुन्हा पाहा. लागलं तर आणखी दोन थेंब, घाई नको. इथे बहुतेकींचा हात रिमूव्हरकडे जातो, आणि तो थांबवायला हवा. रिमूव्हर पापुद्रा मोडायला बनवलेला असतो, शिवाय त्यात बरेचदा पाणी आणि तेल असतं. तो टाकला की त्या दिवशी बाटली पातळ दिसते, पुढे रंग फुटतो आणि नखावर टिकत नाही. माझी एक सुरेख मोरपंखी मी अशीच घालवली, आणि तसा मोरपंखी मला पुन्हा मिळालेला नाही.

थिनर टाकूनही आत गोळा राहत असेल, दह्यासारखं फुटलं असेल, ब्रश उपसताना रबरासारखं ताणत असेल, तर ती बाटली गेली. तळाशी रंग आणि वर तेलकट थर एवढंच असेल तर घाबरू नका, तळव्यांत फिरवून तो मिसळतो. पांढरा आणि फिका गुलाबी उन्हात राहून पिवळटले असतील तर मात्र ते परत येत नाहीत.

तारखाही बघून घ्या. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर बॅच क्रमांक, उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि वापराची मुदत छापलेली असते. खोकं आपण फेकून देतो, म्हणून बाटलीच्या तळाचा स्टिकर वाचा. उघड्या डबीचं चित्र आणि त्यात '२४ एम' असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ, उघडल्यापासून २४ महिने. परवाना क्रमांक, कंपनीचा पत्ता, यातलं काहीच नसलेल्या बाटल्या मी ठेवत नाही, रंग कितीही गोड असो. नखांच्या रंगातून टोल्यूइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्यूटाइल थॅलेट हे तीन पदार्थ काढून टाकण्यासाठी जगभर इतकी खटपट झाली. आपण निदान बाटली कुणी भरली एवढं तरी माहीत करून घ्यावं. एखादं नेलपॉलिश लावल्यावर पापण्यांना खाज सुटत असेल तर तीही लगेच बाजूला काढा. त्यातल्या राळेची अ‍ॅलर्जी बोटांपेक्षा पापण्यांवर आधी दिसते, कारण आपला हात सतत डोळ्यांकडे जातो आणि तिथली त्वचा नाजूक असते.

पट्टे

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या.

प्रत्येक जिवंत बाटलीच्या झाकणावर गोल स्टिकर लावून क्रमांक घाला. शीटवर तोच क्रमांक लिहा, पण मागच्या बाजूने. ज्या बाजूला रंग लावायचा त्याच बाजूला मार्करने लिहिलं तर नेलपॉलिशमधलं द्रावक शाई विरघळवतं आणि ती रंगात उतरते. आमचे पहिले तीन पट्टे असेच निळसर झाले, पुन्हा काढावे लागले.

आता शीट वर्तमानपत्राच्या बारीक छपाईच्या पानावर ठेवा. ब्रशने साधारण चार सेंटीमीटर लांब, नखाएवढ्या रुंदीचा पट्टा ओढा. हा पहिला हात. दहा मिनिटांनी त्याच्या दोन तृतीयांश भागावर दुसरा हात. आणखी दहा मिनिटांनी शेवटच्या एक तृतीयांशावर तिसरा. म्हणजे एकाच पट्ट्यात एक, दोन आणि तीन हात ओळीने दिसतात. खाली छापलेली अक्षरं कुठे नाहीशी होतात ते पाहा. काही रंगांत पहिल्याच हातात बातमी दिसेनाशी होते, काहींत तिसऱ्या हातानंतरही मथळा वाचता येतो. पट्ट्याशेजारी आकडा लिहा: १, २, ३ किंवा ३+. भिंतीचा रंग किती झाकतो ते तपासायला रंगवाले काळ्यापांढऱ्या पुठ्ठ्यावर हात मारून बघतात, त्यातलाच हा प्रकार.

हा आकडा पुढे फार उपयोगी पडतो. सकाळी ८.१२ची लोकल पकडणाऱ्या बाईला तीन हातांचं नेलपॉलिश आठवड्याच्या मधल्या वारी कधीच लावता येत नाही. ती बाटली आवडती असूनही भरलेली राहते, आणि ती का वापरली जात नाही हे तिलाच कळत नाही. अर्थात ३+ म्हणजे वाईट असं नाही. जेली प्रकारचे रंग मुद्दामच काचेसारखे असतात, त्यांचं सौंदर्य त्यातच आहे.

पट्टे वाळायला ठेवून एक काम करा, मला ते सगळ्यात आवडतं. प्रत्येक रंगाला आपलं नाव द्या. बाटलीवर नुसता आकडा असतो, नाहीतर असं काही नाव की त्यावरून रंग कळूच नये. पण आपल्याकडे साड्यांच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली नावं आहेत आणि ती नेमकी आहेत: डाळिंबी, अंजिरी, गुलबक्षी, राणी, अबोली, शेंदरी, मोतिया, पारवा, मोरपंखी, चिंतामणी, मेंदी, वांगी. वाळलेल्या पट्ट्याकडे बघून मनात पहिलं येईल ते नाव लिहा. दोन क्रमांकांपुढे एकच नाव आलं तर तिथे खूण करा. वहिनीने ३७ला वांगी लिहिलं आणि ५१ला जांभूळ, आणि त्या दोन्ही खरंच वेगळ्या निघाल्या. ९, १४, २२ आणि ४० या चारही क्रमांकांपुढे तिने स्वतःच्या हाताने डाळिंबी लिहिलं होतं.

शेजारी धरून बघा

घाई करू नका. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळे दिसतात. निदान दोन तास जाऊ द्या, रात्रभर ठेवलं तर फारच छान.

एकसारखं नाव मिळालेल्या किंवा संशय आलेल्या पट्ट्या कात्रीने कापून घ्या. पांढऱ्या कागदावर दोन पट्ट्या अशा ठेवा की त्यांच्या कडा एकमेकींना चिकटतील, मध्ये फट राहता कामा नये. फट राहिली की डोळा फरक लपवतो. दोन हातांचा भाग दोन हातांच्या भागाशीच भिडवा. सगळे लाल एकदम बघू नका, पाच-सहाच्या गटाने बघा आणि मध्ये भिंतीकडे किंवा खिडकीबाहेर नजर न्या. सलग लाल पाहून डोळा थकतो आणि त्याला सगळं सारखंच दिसू लागतं.

लाल रंगात पहिला प्रश्न हा: तो शेंदराकडे झुकतो की राणीकडे? एकटा पाहिलात तर नुसता लाल वाटतो. शेजारी दुसरा आला की एकात नारिंगी डोकावतं, दुसऱ्यात निळसर गुलाबी. हा झुकाव वेगळा असेल तर दोन्ही ठेवायला जागा आहे, कारण त्वचेवर ते खरोखर वेगळे दिसतात. मातकट आणि त्वचेच्या रंगाच्या छटांमध्ये तर फरक याहून बारीक असतो. तिथे पट्टी कागदावर न ठेवता स्वतःच्या बोटांवर ठेवून बघा.

मग उजेड बदला. खिडकीजवळ एक दिसणारे दोन रंग ट्यूबलाइटखाली दोन होतात, किंवा उलट. वेगवेगळी रंगद्रव्यं मिसळून एकच छटा साधलेली असली की असं होतं. रोज ऑफिसच्या पांढऱ्या दिव्याखाली बसत असाल तर तो उजेडही मोजा. शिमर आणि मेटॅलिक पट्ट्या सपाट ठेवून कळत नाहीत, त्या हातात धरून तिरप्या करा. एकीतली चमक सोनेरी असते, दुसरीतली रुपेरी, आणि समोरून दोघी सारख्याच.

अजून ठरत नसेल तर शेवटची परीक्षा नखावर. अंगठ्याच्या नखाच्या डाव्या अर्ध्या भागावर एक, उजव्यावर दुसरं, दोन-दोन हात. वाळल्यावर घरातल्या कुणाला तरी हातभर अंतरावरून दाखवा आणि एवढंच विचारा, "यात किती रंग आहेत?" दादाने चारही डाळिंबींना "एकच की" म्हटलं. दादाला रंगातलं काही कळत नाही असं वहिनीचं म्हणणं पडलं, म्हणून शेजारच्या काकूंना हाक मारली. काकू शिवणकाम करतात, रीळ जुळवायला त्यांची नजर तयार आहे. त्यांनी अंगठा खिडकीकडे वळवला, जवळ धरला, लांब धरला. "हे तीन एकच. हा चौथा उगीच जरा काळपट आहे, पण त्यासाठी वेगळी बाटली कशाला?"

जुळ्यांमधली कोणती ठेवायची

महागडी ठेवावी असं आधी वाटतं. पण किंमत खर्च झालेली आहे, ती बाजूला ठेवून ब्रशकडे बघा. केस सरळ आहेत का, की पंख्यासारखे फाकलेत? दोन हातांत झाकतं का? नीट वाळतं का, की रात्री लावलं तर सकाळी उशीच्या अभ्र्याची वीण नखावर उमटते? काढताना नख पिवळं करून जातं का? बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलीमीटर वाढतं, त्यामुळे खोल बसलेला डाग निघून जायला चार-सहा महिने लागतात. डाग पाडणारी बाटली ठेवलीत तर तिच्यासोबत बेसकोट (रंगाआधी लावायचा पारदर्शक हात) सक्तीचा, हे स्टिकरवरच लिहा. मुदत आणि उरलेलं प्रमाण हे शेवटचे निकष. वहिनीच्या चौघींपैकी १४ क्रमांक राहिला, चौघींत सगळ्यात स्वस्त.

दोन जुळ्या बाटल्या एकात ओतून एक करू नका. वेगळ्या कंपन्यांची मिश्रणं एकत्र येऊन फुटू शकतात, आणि मग दोन्ही जातात.

नवरात्रातले रंग हा मुंबईतल्या साठ्याचा एक वेगळाच कोपरा आहे. नऊ दिवसांचे नऊ रंग, त्यातला राखाडी नाहीतर पिवळा एका दिवसापुरता घेतलेला, पुढे वर्षभर पडून. हे रंग टाकायला जीव होत नाही, कारण पुढच्या वर्षी लागतीलच. माझा उपाय असा: लोकलच्या डब्यातल्या नाहीतर ऑफिसातल्या तीन मैत्रिणींनी मिळून एक संच ठेवावा आणि तीन-तीन रंग एकेकीने सांभाळावेत. आमच्याकडे हे चांगलं चाललंय.

ज्यांचं जुळं नाही पण ज्या वर्षभरात एकदाही उघडल्या नाहीत, त्या बाटल्यांवर आजची तारीख घालून वेगळ्या खोक्यात ठेवा. तीन महिन्यांत जिची आठवण झाली ती परत डब्यात. उरलेल्या द्यायच्या. आठवणीच्या बाटल्यांना मात्र यातला कोणताच नियम लावू नका. वहिनीकडे लग्नात लावलेल्या मरूनची बाटली आहे, आत पार दगड झालेला. तिने ती दोन वेळा हातात घेतली, पुसली, आणि मंगळसूत्राच्या रिकाम्या डबीशेजारी ठेवून दिली. बरोबर केलं. ती मोजायचीच नाही.

बाहेर काढलेल्या बाटल्यांचं काय

चांगल्या बाटल्या द्या, अर्धवट सुकलेल्या देऊ नका. आपल्याला नको झालेलं गोळा-पॉलिश कामाला येणाऱ्या मावशींच्या हातावर ठेवणं मला बरोबर वाटत नाही. वहिनीने मावशींपुढे पट्ट्यांचं शीट धरलं आणि म्हणाली, "यातलं तुम्हाला काय हवं ते सांगा." मावशींनी अबोली आणि एक चमचमती सोनेरी घेतली, आणि मुलीसाठी कोणती ते तिलाच विचारून सांगते म्हणाल्या. नखांना बुरशी किंवा संसर्ग झालेला असताना वापरलेली बाटली कुणालाही देऊ नका. गावी बहिणीला पाठवायची असेल तर कुणाच्या तरी हाती द्या, टपालाने पेट घेणारे द्रव पाठवायला मनाई आहे.

मेलेल्या बाटल्या बेसिनमध्ये ओतू नका. त्यातली द्रावकं गटारात जाणं वाईट, आणि रिमूव्हरमधला अ‍ॅसिटोन पीव्हीसीच्या पाइपलाही मऊ करतो. पातळ असेल ते वर्तमानपत्राच्या घड्यांवर ओतून गॅलरीत, आगीपासून आणि मुलांपासून दूर पूर्ण वाळू द्या. बाटल्या ओल्या कचऱ्यात नकोतच, सुक्यातही सुट्या नकोत. जाड कागदात गुंडाळून वर ठळक अक्षरांत 'काच, नेलपॉलिश' असं लिहा आणि वेगळ्या द्या, म्हणजे कचरा वेचणाऱ्या माणसाचा हात कापणार नाही. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०२५ पासून सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या घरगुती कचऱ्यासाठी स्वतंत्र संकलन सुरू केलं आहे. तुमच्या सोसायटीने त्यात नोंदणी केली आहे का ते सेक्रेटरींना विचारा, आणि या बाटल्या त्यात घेतात का तेही.

ठेवणं आणि पुढची खरेदी

उरलेल्या बाटल्यांची तोंडं रिमूव्हरच्या बोळ्याने पुसा. कापसाचे तंतू आत जाऊ देऊ नका. तोंडावर सुकलेला थर राहिला की झाकण घट्ट बसत नाही, आणि द्रावक उडून जायला तेवढी फट पुरते. बाटल्या उभ्या ठेवा, आडव्या नाही. जागा अंधारी आणि थंड हवी, पश्चिमेच्या खिडकीतलं कपाट आणि शेगडीवरची फळी दोन्ही नकोत. वहिनीच्या डब्यात आता २९ बाटल्या आहेत, झाकणावर रंगाचा ठिपका आणि आपलं नाव.

पुढे घ्याल ती शक्यतो लहान बाटली घ्या. देशी कंपन्यांच्या ५-६ मिलीच्या बाटल्या सहज मिळतात, ओपीआय या अमेरिकी कंपनीची नेहमीची बाटली १५ मिलीची असते. दर आठवड्याला रंग बदलणारीकडून १५ मिली क्वचितच संपते.

पट्ट्यांची शीट कापून, रिंगमध्ये ओवून पर्समध्ये ठेवा. दुकानात आवडलेली बाटली काउंटरवरच्या दिव्याखाली बघू नका. दुकानदाराला सांगून दारापर्यंत या आणि दिवसाच्या उजेडात आपली पट्टी तिच्या शेजारी धरा. गेल्या शनिवारी वहिनीने रानडे रोडवरून फोटो पाठवला, एका हातात नवी बाटली, दुसऱ्या हातात आमची पट्टी. "वेगळी आहे ना गं?" मी लिहिलं, फोटोत रंग कळत नाही, दारात जा. पाच मिनिटांनी उत्तर आलं: "चौदाच आहे. ठेवून दिली."